ओठांतल्या टाचण्या

दुकानात सगळे तिला बाई म्हणत, आणि बाईंच्या ओठांत कायम टाचण्या असत. सकाळी शटर वर गेलं, मशीनवरचं फडकं निघालं, की ती डबीतून सात-आठ टाचण्या उचलायची आणि ओठांच्या डाव्या कोपऱ्यात ओळीनं धरायची. चहाला आणि जेवणाला त्या बाहेर येत, संध्याकाळी डबीत परत जात. मधल्या वेळात तिच्याशी कुणी बोलायला जात नसे. ज्या माणसाच्या तोंडात टाचण्या आहेत त्याच्याकडून उत्तराची अपेक्षा कोण करणार? लोक मूग गिळून गप्प बसतात, ती टाचण्या धरून बसायची.

दुकान कपडे दुरुस्तीचं होतं. पँटची उंची कमी करणं, कंबर सैल करणं, चेन बदलणं, कोटाचं अस्तर नवं घालणं. नवे कपडे मास्तर शिवत नसत. नवा कपडा कुणीही शिवतो, दुसऱ्यानं शिवलेला उसवायला अक्कल लागते, असं ते गिऱ्हाइकांना ऐकवत. काउंटरवर मास्तर, मशीनवर ती. मागच्या कोपऱ्यात पडदा, उभा आरसा आणि त्याच्यासमोर एक बुटका लाकडी पाट. गिऱ्हाईक पाटावर उभं राहायचं, मास्तर दुरूनच काय हवं नको ते विचारायचे, आणि ती गुडघ्यांवर बसून ओठांतली एकेक टाचणी काढून कापडाला लावत जायची. आरशात गिऱ्हाइकाला तिचा भांग तेवढा दिसे. अशी बावीस वर्षं झाली होती.

कारण दात. वरचा एक सुळा शेजारच्या दाताच्या डोक्यावर चढून बसलेला, आणि पुढचे दोघे भांडलेल्या जावांसारखे एकमेकांकडे पाठ करून उभे. शाळेत असल्यापासून हसू आलं की तिचा हात आपोआप तोंडावर जायचा. लग्नाच्या फोटोत तिनं ओठ इतके घट्ट मिटले होते की तिचा नवरा, जो बस चालवायचा आणि दिवसभर लोकांशी बोलून घरीही थांबत नसे, पाहुण्यांना तो फोटो दाखवून म्हणायचा, "बघा, जणू मी हिला पळवूनच आणलीय." पाहुणे हसायचे. तीही हसायची, हाताआड.

सत्तेचाळिसाव्या वर्षी हिरड्यांतून रक्त यायला लागलं आणि पुढचा एक दात जिभेला हलताना जाणवू लागला. दातांची डॉक्टर तिच्या भाचीच्या वयाची होती. तिनं एक्स-रे उजेडाला धरून सांगितलं, की दात असे एकावर एक चढल्यामुळे मधली घाण निघतच नाही, हिरड्या त्यामुळे सुटताहेत. आधी हिरड्या नीट करू, मग तारा लावून दात सरळ करू, नाहीतर पाच-सहा वर्षांत पुढचे दोन जातील. तारा म्हटल्यावर तिला वाटलं, ही चेष्टा करतेय. तारा शाळेतल्या मुली लावतात. डॉक्टर म्हणाली, "काकू, हाड कुठल्याही वयात ऐकतं. फक्त सावकाश ऐकतं."

घरी सासूबाईंनी ऐकलं आणि आधी त्यांनी आपली कवळी नीट बसवून घेतली, कारण त्यांना बरंच बोलायचं होतं. बैल गेला आणि झोपा केला, इथून सुरुवात झाली. दाखवून घ्यायच्या वयात काही केलं नाही, आता कुणाला दाखवायचे आहेत? नवऱ्यानं मध्ये पडून म्हटलं, की आई, हिरड्यांसाठी आहे ते. तिनंही सगळ्यांना तेच सांगितलं. हिरड्यांसाठी, डॉक्टर म्हणाली म्हणून. ते खरंच होतं. पूर्ण खरं नव्हतं, पण उरलेलं तिनं कुणालाच सांगितलं नाही. स्वतःशीसुद्धा ते अर्धवटच कबूल केलं.

तारा लागल्या. पहिला आठवडा तिनं पातळ खाऊन काढला. गालांना आतून फोड आले, त्यावर डॉक्टरनं दिलेलं मेण लावून बसायचं. बोलताना थुंकी उडायची. आणि पहिल्याच दिवशी दुकानात सवयीनं टाचण्या ओठांत धरल्या, तर एक टाचणी तारेत अशी अडकली की निघेना. मास्तरांनी तिला दारातल्या उजेडात स्टुलावर बसवलं, डोळ्याला भिंग लावलं आणि बारीक चिमट्यानं, शिलाई उसवावी तशी, ती टाचणी सोडवली. मग एक टाचण्यांची गादी आणून तिच्या मनगटाला बांधली.

दोरा मात्र ती दातांनीच तोडत राहिली. त्या सवयीला औषध नव्हतं. कात्री समोर असायची, पण हात पोचायच्या आत दात पोचायचे. पहिल्या चार महिन्यांत तीनदा तार धरून ठेवणारी दातावरची चकती निखळली. काही कडक खाल्लं का, असं डॉक्टरनं विचारलं. दोरा म्हणायची तिला लाज वाटली. एवढं शिकलेलं माणूस आपल्या दातांवर मेहनत घेतंय, आणि आपण त्याच दातांची कात्री करतोय. ती म्हणाली, "शेंगदाणे." डॉक्टरनं कागदावर लिहिलं, शेंगदाणे बंद. घरीही शेंगदाणे बंद झाले, आणि सासूबाईंना, ज्यांना कवळीमुळे तसेही ते चावत नव्हते, त्याचंही वाईट वाटलं.

पण टाचण्या गेल्या आणि तोंड रिकामं झालं. पाटावर उभ्या असलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं खाली वाकून विचारलं, की अहो बाई, हे काय लावलंय? आता तोंडात काही नाही म्हटल्यावर उत्तर देणं भाग होतं. तिनं सांगितलं. त्या गृहस्थांनी आपल्या पुलाची, म्हणजे दातांच्या ब्रिजची, हकिकत सांगितली. मग त्यांच्या मेहुण्याची. पँटची उंची होईपर्यंत तिला त्यांच्या घरातले सगळे दात माहीत झाले होते, आणि दोनदा ती हसलीही होती. हात वर गेला नाही. एकतर हातात खडू होता, आणि दुसरं म्हणजे तारांवर ओठ मिटले की आतून टोचायचं. हसून मोकळं होणं कमी त्रासाचं होतं.

पुढे हे रोजचंच झालं. लोक विचारत, ती सांगे. एक बाई तर आपल्या नवऱ्याला मुद्दाम घेऊन आली, या वयातही होतं बघा, हे दाखवायला. तिनं तोंड उघडून दाखवलं. स्वतःच्या घरातली नवी शेगडी दाखवावी इतक्या सहज. गिऱ्हाइकाला काय शोभेल, काय नाही, हेही हळूहळू तीच सांगू लागली. मास्तर काउंटरवरून ऐकत असत. बाईंना वाचा फुटली, असं ते शेजारच्या मोबाइल कव्हरवाल्याला म्हणाले. बोलेल त्याची बोरं विकतात, हे त्यांचं आवडतं वाक्य होतं, आणि बावीस वर्षं त्यांनी ते तिच्यापुढे शहाणपणानं टाळलं होतं.

दीड वर्ष झालं तेव्हा मास्तरांनी विषय काढला. त्यांच्या गुडघ्यांनी आता दिवसभर उभं राहायला साफ नकार दिला होता, आणि मुलगी आपल्याकडे राहायला बोलावत होती. जागेवर कव्हरवाल्याचा डोळा होताच. पण मास्तरांना वाटत होतं, की दुकान दुकानच राहावं. हात तर पहिल्यापासून तिचाच आहे, म्हणाले, फक्त गिऱ्हाईक हाताशी बोलत नाही, ते तोंडाशी बोलतं. काउंटर घ्याल का? ती लगेच हो म्हणाली. विचारसुद्धा केला नाही. घरी सांगितलं तेव्हा नवऱ्यानं आनंदानं तिच्यासमोर शिट्टी वाजवली, बस सुटताना वाजवतात तशी. ठरलं असं, की तारा निघाल्या की महिन्या-दोन महिन्यांत मास्तर चावी देणार.

तारा निघाल्या. डॉक्टरनं हातात आरसा दिला. दात सुंदर होते. एका रेषेत, आज्ञाधारक. तिनं जीभ फिरवून पाहिली, तर जिभेला आपलं घर ओळखू येईना. सासूबाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि माझ्या कवळीपेक्षा बरे आहेत, असं म्हटलं. त्यांच्याकडून ही मोठीच दाद होती.

डॉक्टरनं एक पातळ, पारदर्शक साचा दिला. दातांवर बसवायचा, जेवताना तेवढा काढायचा, निदान वर्षभर. त्याला रिटेनर म्हणतात. ती दातांची खोळ म्हणायची.

दुसऱ्या दिवशी दुकानात आलेल्या पहिल्याच गिऱ्हाइकानं म्हटलं, "अरे वा, निघाल्या? हसा बघू." तिचे ओठ मिटले. त्या मिनिटाला कुणी चिमट्यानं ओढलं असतं तरी ते उघडले नसते, दातखिळीच बसली जणू. गिऱ्हाईक भलं माणूस होतं, त्याला वाटलं दुखत असेल. दुपारी आणखी दोघींनी तेच म्हटलं. संध्याकाळी कुणाच्या तरी गोष्टीवर तिला हसू आलं, आणि दोन वर्षं खाली राहिलेला हात वर गेला. तिचं तिलाच आश्चर्य वाटलं. लपवायला आत काहीच उरलं नव्हतं, आणि हात तर लपवत होता.

तिसऱ्या दिवशी मनगटावरची गादी खणात गेली आणि टाचण्या ओठांत आल्या. खोळ घालून टाचण्या नीट धरता येत नाहीत, तोंडाला पाणी सुटतं, म्हणून खोळ डबीत. संध्याकाळी घरी घालू, असं ती रोज ठरवायची. कधी घालायची, कधी राहून जायचं. गिऱ्हाइकं पुन्हा मास्तरांशी बोलू लागली. काही जण विचारत, की बाईंची तब्येत बरी नाही का?

महिना झाला. मास्तर रोज संध्याकाळी हिशेबाच्या वहीवर मान घालून बसायचे आणि चावीचं काही काढायचे नाहीत. तीही काढायची नाही. मग एका दुपारी, दुकानात कुणी नसताना, त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "बाई, तेव्हा हो कोण म्हणालं होतं? तुम्ही, की ती तार?"

तिच्या तोंडात टाचण्या होत्या. उत्तर द्यावं लागलं नाही. मास्तर म्हणाले, की कव्हरवाल्याला महिनाअखेरीस सांगायचं कबूल केलंय. रागावलेले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं.

त्याच आठवड्यात डॉक्टरकडे जायचं होतं. आदल्या रात्री तिनं खोळ घातली तर ती बसेना. दाबून बसवली, ठणका लागला. सकाळी दुकानात एक तातडीचं काम होतं, ते ती खोळ घालूनच करायला बसली, आणि शेवटचा दोरा कचकन दातांनी तोडला. खोळीला पुढे एक बारीक खाच पडली. तीच घेऊन ती डॉक्टरकडे गेली.

डॉक्टरनं खोळ दिव्यासमोर धरली. खाच बघितली, मग तिचे दात बघितले, पुढच्या दाताच्या कडेवरून नख फिरवलं. तिथे बावीस वर्षांच्या दोऱ्यानं पाडलेली जुनी खाच होतीच.

"काकू, हे शेंगदाणे नाहीत."

"नाहीत."

"मग?"

"दोरा."

डॉक्टर हसायला लागली. तिनं चक्क खुर्चीत मागे रेलून हसून घेतलं, मग फाइल काढली आणि शेंगदाणे खोडलं. पण हसू ओसरल्यावर तिनं सांगितलं, की वरचे दोन दात हलायला लागले आहेत, जुन्या जागेकडे. खोळ घातली जात नाही, हे तिला कळलं होतं. दुखतं का? टोचतं का? दिसतं म्हणून? पारदर्शक आहे, कुणाला कळतसुद्धा नाही. इतके छान दात आलेत, मग अडचण कसली?

तिनं बाजूच्या ट्रेमधल्या चिमट्यांकडे पाहिलं. मग म्हणाली, "तार होती तेव्हा लोक तारेकडे बघायचे. तार काही माझी नव्हती, तुमची होती. आता बघतात ते माझ्याकडे."

डॉक्टरनं दिवा पुन्हा जवळ ओढला. तिनं नवी खोळ करायला माप घेतलं. जाताना एवढंच म्हणाली, की दात मी सरकवू शकते काकू, बाकीचं माझ्या हत्यारात नाही. पण महिनाभर असंच चाललं तर दातही माझ्या हातात राहणार नाहीत, आणि हिरड्यांचं पहिल्यापासून सुरू होईल.

नवी खोळ मिळाली. ती तिनं घातली, कारण हिरड्यांची भीती खरी होती. पण दुकानात टाचण्याही धरत राहिली. तोंडाला पाणी सुटायचं, रुमालानं पुसायची. महिनाअखेर चार दिवसांवर आली.

त्या दिवशी दुपारी एक उंच बाई कोट घेऊन आली. चांगल्या कापडाचा, तयार घेतलेला. नव्या नोकरीवर जाताना घालायचा होता, आणि पाठीत कुठेतरी चोळामोळा होत होता. पडद्याआडून ती कोट घालून आली आणि पाटावर उभी राहिली. पाटाची गरज नव्हती, तिचं डोकं आरशाच्या वर चाललं होतं. कदाचित म्हणूनच ती खांदे पुढे घेऊन, मान खाली घालून, अंग चोरून उभी होती. मानेखाली कोटाला ओंजळभर घडी पडली होती. ती घडी दाखवून ती म्हणाली, "एवढं इथून काढून टाका ना."

मास्तर काउंटरवरच होते. ते वहीत बघत होते. वहीचं पान मात्र बराच वेळ उलटलं गेलं नव्हतं.

तिनं उंच बाईच्या मागे जाऊन ती घडी चिमटीत धरली. एक टाचणी काढून लावली. दुसरी काढली आणि थांबली. कोटात काहीच वाईट नव्हतं, उंच बाई वाकून उभी होती. या वाकाला माप धरून कापड कापलं, तर कोट त्या वाकाचा होईल. मग बाईनं मनात आणलं तरी तिला ताठ उभं राहता येणार नाही, काखेत ओढेल, पाठीवर ताणेल. कापलेलं कापड परत येत नाही. तिला काउंटरकडे बघायचा मोह झाला. मास्तर सांगतील. बावीस वर्षं तेच सांगत आले होते. मास्तरांनी मान वर केली नाही.

तिनं उरलेल्या टाचण्या ओठांतून काढून तळहातावर घेतल्या.

"कोट बरोबर आहे," ती म्हणाली. खोळीमुळे जीभ थोडी अडखळली. "तुम्ही अंग चोरून उभ्या आहात."

उंच बाईनं आरशाकडून वळून पाहिलं. ती दुखावली असावी. हिला वाटलं, झालं, गेलं गिऱ्हाईक. पण आता अर्ध्यात सोडता येत नव्हतं. तिनं सांगितलं, की मी हे कापलं तर तुम्हाला जन्मभर असंच उभं राहावं लागेल, निदान या कोटात तरी. एकदा खांदे मागे घ्या. मान वर. नाही, छाती काढू नका, नुसते खांदे. बाईनं जरासे मागे घेतले. आणखी, ती म्हणाली, आणि दोन्ही हातांनी तिचे खांदे धरून जिथे असायला हवेत तिथे नेले. पाठीवरची घडी पुसल्यासारखी गेली. उलट बाह्या अर्धा इंच आखूड वाटायला लागल्या.

"मी फार उंच दिसते," बाई पुटपुटली.

"आहातच उंच. ते कापडातून कसं काढू मी? बाह्या सोडते अर्धा इंच, आत दुमडलेली माया आहे. मग बघा."

तिनं बाहीला खडू लावला आणि बोलता बोलता हसली, कारण ती बाई आरशात स्वतःला असं बघत होती जणू दुसरीच कुणी उभी आहे. हसल्यावर तिचा हात वर गेला. गेला खरा, पण अर्ध्यावर थांबला, आणि मग तिनं त्याच हातानं बाहीची शिवण सरळ केली. उंच बाईनं तिचे दात पाहिलेच नव्हते. तिचं लक्ष सगळं आपल्या खांद्यांवर होतं, ते पुन्हा पुढे तर येत नाहीत ना, याच्यावर.

कपडे बदलून ती बाहेर आली, कोट काउंटरवर ठेवला आणि मास्तरांना विचारलं, कधी मिळेल. मास्तरांनी वही मिटली.

"त्यांना विचारा," ते म्हणाले.

तिनं कोट उचलला, बाही उलटी करून आतलं कापड पुन्हा एकदा पाहिलं, आणि म्हणाली, "गुरुवारी. पाचनंतर या. पण घालून बघितल्याशिवाय न्यायचा नाही."

बाईनं विचारलं, की गुरुवारी तुम्ही असाल ना?

"मीच असेन," ती म्हणाली.